साहेबांची सतरंजी

तपासणीला आलेल्या घोरमाडे साहेबांनी वर्गात बस्तान बसवताच शेरेबुक उघडलं. "पहिलीच्या पोरांना वारुळं दाखवत हिंडवता म्हणे, बाई?"

"जगण्यासाठी प्राणी आपला परिसर कसा बदलतात, ते शिकवते, साहेब," कलावतीबाई म्हणाल्या.

"मग असा एक प्राणी या वर्गात दाखवा! नाहीतर शेरा वाईट जाईल."

बाई लगेच मुलांकडे वळल्या. "पोरांनो, साहेब आल्यापासून वर्गात काय काय बदललं?"

एकच गिल्ला झाला. "खुर्ची पंख्याखाली गेली!" "उन्हाची खिडकी बंद झाली!" "आमची सतरंजी साहेबांच्या पायाखाली गेली!"

साहेबांनी पायाखाली पाहिलं. मग खो खो हसत त्यांनी सतरंजी पोरांकडे सरकवली आणि शेरा लिहिला: 'पाठ उत्तम. प्राणी जातीने हजर होता.'