कुशाबाची न पडलेली विटी

पुढे सरकून बसा बरं. मागच्यांना ऐकू जात नाही आणि मला ओरडून सांगायचा कंटाळा आहे. फार वर्षांपूर्वीची ही हकीकत. किती वर्षांपूर्वीची, ते विचारत बसू नका. तेव्हा आपल्या आडदऱ्याला सडक नव्हती, शाळा नव्हती, आणि माळावर गवत माणसाच्या कमरेला लागायचं. त्या काळी गावात कुशाबा धायगुडे नावाचा एक मेंढका राहायचा.

कुशाबा अंगानं अगदी काडी. बायकोच म्हणायची, वारं सुटलं की ह्याला खुंटीला बांधून ठेवावं लागतं. पण हातात दांडू आला की गडी निराळाच. तुम्ही विटी-दांडू खेळला नसाल, तुमचा जीव सगळा मोबाईलमध्ये, म्हणून सांगतो. जमिनीत बारीकशी खाच खणतात, ती गल. गलीवर टोकदार विटी आडवी ठेवायची, दांडूचं टोक खाली घालायचं आणि विटी समोर उडवायची. त्याला कोलणं म्हणतात. समोरच्यांनी ती वरच्यावर झेलली की खेळणारा बाद. इतर लोक कोलतात तेव्हा विटी जेमतेम अंगण ओलांडते. कुशाबा विटी कोलायचा, सावकाश घरी जायचा, ताक-भाकरी खायचा, हात धुवायचा आणि परत यायचा, तोवर ती वरच असायची. घारी त्याचा खेळ सुरू झाला की दुसऱ्या गावच्या आभाळात जायच्या, असं म्हणतात.

आता पलीकडच्या भोकरवाडीत होता म्हांकू कोकरे. हाही मेंढकाच, पण ह्याची कीर्ती झेलण्यात. आयुष्यात त्यानं एकही झेल सोडला नव्हता. घरट्यातून पडलेलं कावळ्याचं अंडं त्यानं धावत जाऊन झेललं आणि वर चढून परत ठेवलं, तरी कावळ्यानं त्याला टोचलंच. कुशाबाची विटी एकदा झेलायची, एवढी एकच हौस त्याला राहिली होती.

ह्या दोन गावांच्या मधे माळ. माळाची हद्द कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे दसरा झाला, गवत पिकलं, की दोन्ही गावं काठ्या घेऊन माळावर हजर. दर वर्षी डोकी फुटायची, आणि माणसं भांडेपर्यंत गवत वाळून जायचं. मेंढरं बिचारी उपाशीच. शेवटी एका वर्षी कुशाबा म्हणाला, "डोकी फोडण्यापरीस डाव मांडू. मी विटी कोलतो. पडंल तिथपातूर गवत आमचं, पुढचं तुमचं."

भोकरवाडीचा पाटील म्हणाला, "आन झेलली तर?"

"तर सगळा माळ तुमचा."

आडदऱ्याची माणसं कुशाबाला मागं ओढायला लागली. माळ गेला तर मेंढरं विकावी लागणार आणि गाव सोडावं लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण शब्द गेला तो गेला. आपल्या बाजूला म्हसोबासमोर गल खणली. समोर माळात म्हांकू धोतराचा काचा मारून उभा राहिला. कुशाबानं विटी ठेवली, कपाळाला दांडू लावला आणि कोलली.

विटी वर गेली. झाडांच्या वर गेली, टेकडीच्या वर गेली, एका ढगात शिरली. ढगाला भोक पडलं आणि त्यातून उन्हाची तिरीप खाली म्हांकूच्या पागोट्यावर आली. म्हांकू हात पसरून मागं सरकला, पुढं आला, डावीकडं गेला. दोन्ही गावं तोंडं वर करून उभी. दुपार झाली, माना आखडल्या, बायका घरी जाऊन भाकऱ्या थापून परत आल्या. दिवस कलला तरी विटी काही खाली आली नाही.

मग म्हातारी माणसं बसली. त्यांनी ठरवलं ते असं. विटी पडली नाही, म्हणजे हद्द ठरली नाही. झेललीही नाही, म्हणजे कुशाबा बाद नाही. म्हणजे डाव चालू आहे. आणि डाव चालू आहे तोवर गवत दोघांचं. म्हांकू तेवढा रुसला, पण मेंढरं कुणाचं ऐकतात? दोन्हीकडचे कळप सुटले आणि एकमेकांत असे मिसळले की निवडता निवडता गडी हसून बेजार झाले. त्या साली मेंढरांच्या अंगावर लोकर मावत नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुशाबा दांडू घेऊन गलीपाशी उभा राहायचा आणि म्हांकू समोर हात पसरून. त्या दिवशी खेळणारा गलीवर नसला तर डाव गेला, असं म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून ताप असला तरी कुशाबा यायचा. अशी बरीच वर्षं सुखाची गेली, आणि एका उन्हाळ्यात कुशाबा वारला.

भोकरवाडीच्या पाटलाला हेच हवं होतं. दसरा झाला, तो माळावर आला आणि म्हणाला, "मेल्याला डाव न्हाई. आता माळ आमचा."

तेवढ्यात कुशाबाची लेक सगुणा पुढं आली. हातात बापाचा दांडू, तेल पाजून काळाभोर केलेला. ती गलीवर उभी राहिली आणि म्हणाली, "पाटील, गडी उठून गेला तर घरचं माणूस त्याचा डाव राखतं. मी राखतीया. आन आमच्या घरात माणूस हाय तोवर राखणार."

पाटील वरमला, पण तयारीनं आला होता. त्यानं उपरण्यातून एक जुनी विटी काढली. "मग ही काय? ओढ्यापाशी घावली. पडलीया ती कवाच."

ओढा कुठं, तर गलीपासून हाकेवर. म्हणजे अख्खा माळ गेला. सगुणानं दांडू गलीत घट्ट रोवला. तिनं पाटलाकडं पाहिलंच नाही. ती समोर उभ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "म्हांकूतात्या, बा तुमच्या भरवशावर कोलायचा. तुमीच सांगा."

सगळे म्हांकूकडं बघायला लागले. एक हो म्हटलं की त्याच्या गावाला सगळा माळ मिळणार, त्याच्या स्वतःच्या मेंढरांना सुद्धा. म्हांकूनं ती विटी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि पाटलाला परत दिली.

"पाटील," तो म्हणाला, "ही जर पडली असंल, तर म्या झेल सोडला असं व्हतं. म्या झेल सोडलेला न्हाई."

आणि म्हातारा पुन्हा हात पसरून, वर बघत उभा राहिला.

भोकरवाडीची माणसंच आधी हसली, मग आडदऱ्याची, आणि शेवटी पाटलालाही हसू आवरेना. सगुणा मात्र रडली, आनंदानं रडली, आणि तिनं म्हांकूचे पाय धरले. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांना शेवटपर्यंत ढगातलं भोक दिसायचं, असं म्हणतात.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळावर या. धायगुड्यांच्या घरचं कुणीतरी, बहुतेक वेळा लेक किंवा सूनच, दांडू घेऊन गलीवर उभं असतं. समोर कोकऱ्यांच्या घरचा माणूस हात पसरून उभा असतो. आता त्यांच्यात एक बँकेत आहे, तो रजा काढून येतो. म्हसोबाचा पुजारी मोठ्यानं विचारतो, "पडली का?" दोन्ही गावं वर बघतात आणि एका सुरात म्हणतात, "न्हाई!" मग कळप सुटतात.

गेल्या साली मी त्या बँकेतल्या कोकऱ्याला विचारलं, बाबा, खरंच आली खाली तर झेलशील का?

तो म्हणाला, "झेलीन की. आमच्या घरानं झेल सोडलेला नाही." मग त्यानं माळावरच्या मिसळलेल्या मेंढरांकडं पाहिलं आणि म्हणाला, "पण येऊ नये, म्हणून रोज सकाळी म्हसोबाला हात जोडतो."