थोर खेकड्याचा पुतळा

त्या दलदलीच्या राज्यात बोलणे म्हणजे ओरडणे, असा कायदा होता. कायदा बेडकांनी केला होता, कारण राज्य त्यांचे होते आणि त्यांना दुसरे काही येत नव्हते. खेकडे मात्र नांग्यांनी बोलत. त्यांना ऐकू येत नसे आणि त्याचे फारसे दुःखही नसे. या काठावरचा खेकडा त्या काठावरच्या सोयऱ्याशी निवांत गप्पा मारी, आणि तोंडात घास असला तरी भांडण अडत नसे.

त्यांच्या वतीने दुःख करण्याचे काम गंभीरराव नावाच्या पोक्त बेडकाने पत्करले. त्याने परिषद भरवली. "नांग्या मोकळ्या आहेत, म्हणूनच यांचा घसा आळशी झाला," तो म्हणाला. खेकड्यांच्या पोरांसाठी शाळा काढावी आणि तिथे त्यांच्या नांग्या लव्हाळ्याने बांधून ठेवाव्यात, म्हणजे आवाज फुटेल, असा ठराव एकमताने झाला. परिषदेला खेकड्यांना बोलावले नव्हते. चर्चा त्यांना ऐकू आली नसती. उगाच त्यांचा वेळ कशाला दवडा.

शाळेच्या पहिल्या तुकडीत एक चुणचुणीत कुर्ली होती. नांगी पाण्यात बुडवून झटकली की झाले तिचे नाव. लहानपणी ती येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी उडवी, म्हणून आईने ते ठेवले होते. शाळेने तिचे नाव सुकंठी ठेवले.

सुकंठी हुशार निघाली. बेडकाच्या ओठांवरून ती निम्मेअधिक ओळखू लागली, आणि तोंडाला फेस आणून एक विशिष्ट फसफस करायला शिकली. पाहुणे आले की गंभीरराव तिला पुढे उभी करी. ती फसफसे.

"ऐकलंत? 'बेडूकराजांचा विजय असो.' किती स्वच्छ म्हणाली."

"अगदी स्वच्छ," पाहुणे म्हणत. त्यांना काही कळलेले नसे, पण तसे सांगणे निर्दयपणाचे दिसले असते.

सुटीत सुकंठी घरी आली. आईने लव्हाळे सोडले आणि नांगी उचलून विचारले, "कशी आहेस?" सुकंठी उत्तर द्यायला नांगी उचलू गेली, तर ती उचलेना. सवयीने तोंड उघडले आणि फेस आला. आईने तो पुसला. मग तान्ह्या पोरांना शिकवतात तशी तिने लेकीची नांगी आपल्या नांगीत धरली, पाण्यात बुडवली, झटकली. पुन्हा बुडवली, पुन्हा झटकली. सुटी संपत आली तेव्हा कुठे सुकंठीला पहिले वाक्य जमले. "आई, मला बोलता येईनासं झालंय," ती म्हणाली. आणि शाळेचे शिपाई लव्हाळे घेऊन दाराशी आले.

त्याच वर्षी बेडकांनी थोर खेकड्याचा पुतळा उभारायचे ठरवले. हा खेकडा फार पूर्वी होऊन गेला. खाडीचे खारे पाणी आत शिरून सारे बेडूक मरायच्या बेतात असताना त्याने उंचवट्यावर उभे राहून नांग्यांच्या इशाऱ्यांवर हजारो खेकडे कामाला लावले आणि बांध घातला होता. शाळेत धडा असा होता, की त्याने जिद्दीने आपल्या व्यंगावर मात केली आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडले. पुतळ्याचे तोंड उघडे आणि नांग्या पोटाशी दुमडलेल्या असाव्यात, असे ठरले.

पण चिखलाला आकार देणे बेडकांना जमेना. नाइलाजाने मोठ्या मुलींच्या नांग्या सोडाव्या लागल्या. "कामापुरत्या सोडा. बोलण्यासाठी नाही," गंभीररावाने बजावले. पहारेकऱ्याला दिवसभर हलणाऱ्या नांग्या दिसत. मुली फार मन लावून काम करतात, असे तो कळवी. चिखल थापता थापता त्या एकमेकींना विसरलेले शब्द शिकवत होत्या.

थोर खेकड्याच्या नांग्या घडवायचे काम सुकंठीकडे आले. तिने एक नांगी वर उचलून सताड उघडी ठेवली आणि दुसरी त्याच्या डोळ्यांवर आडवी धरली. खेकड्यांच्या भाषेत बेडकाला असेच म्हणतात.

गंभीरराव पाहणीला आला. बाकीच्या मुलींच्या नांग्या जागच्या जागी थांबल्या. "हे काय?" त्याने विचारले. ओठ ओळखायला सोपे होते. सुकंठीने त्याच्याकडे बघून फसफस केली.

"ती म्हणतेय, हा कृतज्ञतेचा नमस्कार आहे," गंभीरराव चिटणिसाला म्हणाला.

अनावरणाला सारे राज्य लोटले. मुलींच्या नांग्या त्या सकाळी नव्या, हिरव्यागार लव्हाळ्याने बांधल्या होत्या. पडदा सरला. खेकड्यांच्या गर्दीत कुणी हलले नाही. गंभीरराव चौथऱ्यावर चढला आणि म्हणाला, "थोर खेकड्याचा हा नमस्कार आजपासून आपण सर्वांनी करायचा." त्याने स्वतः करून दाखवला. मग शेकडो बेडकांनी एक पाय बोटे फाकवून वर केला, दुसरा डोळ्यांवर घट्ट धरला आणि तोंड उघडून जयजयकार सुरू केला.

सुकंठीच्या आईने गर्दीतून हळूच नांगी उचलली. "हे आपणहून सांगतायत?" तिने लेकीला विचारले.

सुकंठीने लव्हाळे तोडले आणि उत्तर दिले. शेजारच्या मुलीने तोडले. मग साऱ्या काठावर नांग्या वर आल्या. बेडूक डोळे झाकून ओरडत होते, आणि त्यांच्यासमोर सगळे जण एकदम बोलत होते.