दहा मिनिटांचं काम

मोबाइल कंपन्यांच्या मक्तेदारीवरची, स्पर्धा आयोगापुढची ही बातमीदार म्हणून माझी नववी सुनावणी. आधीच्या आठांतून पुढच्या तारखेशिवाय काही निघालं नव्हतं.

मिरजेच्या निलोफर मुजावर यांचं अ‍ॅप दृष्टिहीनांना औषधाचं नाव वाचून दाखवायचं. झेनोरा या मोबाइल कंपनीने तसंच स्वतःचं अ‍ॅप आणलं आणि निलोफरबाईंचं आपल्या फोनवरून काढून टाकलं. ते परत मिळावं, एवढीच बाईंची मागणी होती.

कंपनीचे उपाध्यक्ष कार्लेकर खुर्चीत रेलून म्हणाले, "आम्ही कुणाला बांधून ठेवलंय का? ज्याला ते अ‍ॅप हवं, त्याने दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यावा. दहा मिनिटांत सगळं तिकडे जातं."

निलोफरबाईंनी पिशवीतून दुसऱ्या कंपनीचा कोरा फोन काढून त्यांच्यासमोर ठेवला. "मग तुमचं सगळं यात घ्या की साहेब. मी थांबते दहा मिनिटं."

"माझं? अहो, यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत!"

"ते येतील ना."

"सगळे कुठे येतात? हे फोनला जोडलेलं घड्याळही तिकडे चालत नाही. आणि आईचे शेवटचे निरोप आहेत यात. ते गेले म्हणजे?"

आयोगाची टंकलेखिका शब्द न् शब्द उतरवून घेत होती.

आयोगाच्या अध्यक्षांनी थकल्या आवाजात विचारलं, "मुजावरबाई, तुमचा युक्तिवाद?"

"झाला की साहेब. माझ्यापेक्षा यांनीच बरा केला. आता खाली यांची सही तेवढी घ्या."