आमदारांसाठी राखीव

एकदा एक बाई आमदारकीचे तिकीट मागायला आत गेली आणि महिला आघाडीची जिल्हाध्यक्ष होऊन बाहेर आली. आत ती जेमतेम सहा मिनिटे होती.

तिचे नाव उज्ज्वला. पक्षात अठरा वर्षे काढलेली बाई. जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पुढारी तिच्या घरी चहाला आले आणि तिला उभे करून गेले. ती निवडून आली. पाच वर्षांनी तोच गट खुला झाला. ‘ताई, आता थांबा’ हे सांगायला मात्र घरी कोणी आले नाही. ते फोनवर उरकले. ती थांबली, पण काम थांबवले नाही. पायाला भिंगरी लावून दुसऱ्यांचा प्रचार केला, सभांना बायका जमवल्या, व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ओवाळले. तिने राबून निवडून आणलेल्या आमदारांना आपल्याच मतदारसंघातल्या वाड्यावस्त्यांची नावे तिला विचारावी लागत. असे दोन आमदार झाले. तिसऱ्या वेळी तिने ठरवले, आता स्वतःसाठी मागायचे.

इच्छुकांच्या मुलाखती विभागाच्या शहरात होत्या. तीन निरीक्षक मुलाखती घेणार, प्रत्येक मतदारसंघाची तीन नावे काढणार आणि संध्याकाळी पाचला यादी प्रदेश कार्यालयाला पाठवणार. यादीत नाव नाही, म्हणजे पाच वर्षे विषय संपला. उज्ज्वलाचे वय पंचेचाळीस. पुढच्या खेपेला ती पन्नाशीला आलेली असणार, आणि तेव्हा तिला सांगायला ‘आता तरुणांना संधी’ हे वाक्य तयार असणार. ते तिलाही ठाऊक होते.

सोबतीला तिने द्वारकाबाईंना आणले होते. या तिच्या शाळेतल्या बाई. निवृत्तीनंतर वीस वर्षे पक्षाचे काम करीत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, आणि पद एकही नाही. जिल्ह्यातले नेते त्यांना पाहताच उठून उभे राहत, आणि त्या निघून गेल्यावर निर्णय घेत. बाईंना हे पक्के माहीत होते. त्या कोणापुढे तक्रार करीत नसत. मात्र विसरतही नसत.

आत मुलाखत अशी झाली. मुख्य निरीक्षकांना सगळे दादासाहेब म्हणत. ते हसून म्हणाले, “ताई, तुमचं काम आम्हाला माहीत नाही असं नाही. पण मतदारसंघ खुला आहे, चुरस मोठी आहे. आता कायदाच झालाय, आरक्षण येतंय. ते आलं की पहिलं नाव तुमचं, हा माझा शब्द. तोवर पक्षाला तुमची गरज दुसरीकडं आहे.” शाल आली, नारळ आला, नेमणुकीचे पत्र आले, फोटोवालाही आला. उज्ज्वलाने पदर सावरला आणि म्हणाली, “पक्षाचा आदेश शिरसावंद्य.”

बाहेर बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शालीकडे पाहिले, नारळाकडे पाहिले.

“काय काय विचारलं?”

उज्ज्वला आठवू लागली. “विचारलं... तसं काही नाही, बाई. पण मान फार दिला.”

बाईंनी पत्र मागून घेतले, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचले आणि घडी घालून परत दिले. “चल,” त्या म्हणाल्या, “दीडची गाडी मिळेल.”

दीडची एसटी खच्चून भरलेली होती. उज्ज्वला सवयीने महिलांच्या सीटकडे गेली. तिथे दोघींच्या जागेत तिघी बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर पोर. “या की ताई, सरकतो आमी,” म्हणत त्या सरकल्या. उज्ज्वला अर्धी सीटवर, अर्धी बाहेर अशी टेकली. अशा टेकण्याला आपण बसणे म्हणतो.

बाई मात्र पुढेच थांबल्या. पुढे एक सीट अशी होती, की जिच्या वर खिडकीपाशी ‘विधानसभा सदस्यांसाठी राखीव’ असे लिहिलेले होते. एसटीत ही सीट असते. तिच्यावर आमदार बसलेला मी तरी पाहिलेला नाही. वाचकांपैकी कोणी पाहिला असल्यास जरूर कळवावे. त्या दिवशी तिच्यावर खिडकीशी एक गृहस्थ बसले होते, आणि शेजारच्या जागेवर त्यांची मोठी पिशवी ऐसपैस बसली होती.

“भाऊ, पिशवी उचला,” बाई म्हणाल्या.

“आजी, ही आमदारांची सीट हाय.”

“मग पिशवी कुठल्या मतदारसंघातनं निवडून आलीय?”

आजूबाजूचे हसले. गृहस्थ ओशाळले. “तसं न्हाई आजी, लेडीज सीट तिकडं मागं हाय, म्हनून सांगितलं,” असे पुटपुटत त्यांनी पिशवी पायाशी घेतली. बाईंनी मागे वळून हाक मारली, “उज्ज्वला, इकडं ये. बस इथं.”

“बाई, तुम्ही बसा ना!”

“तू बस म्हणते ना मी.”

शाळेतला तो आवाज तीस वर्षांनंतरही तसाच होता. उज्ज्वला बसली. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या द्वारकाबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने दांडा धरून, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. गाडी सुटली.

मग जे व्हायचे ते झाले. पहिल्याच वळणावर बाई हेलकावल्या आणि मागून कोणीतरी म्हणाले, “अहो ताई, म्हातारं मानूस उभं हाय, कळतं का न्हाई?” उज्ज्वला उठू लागली. बाईंनी काठी तिच्या गुडघ्यांपुढे आडवी धरली. “बस.” कंडक्टर तिकिटे फाडत आला. “आजी, तुमी बसा की. ताई, उठा, लेडीज सीटवर करतो मी जागा तुमची.” ती पुन्हा उठू लागली. पुन्हा काठी. एक बाई दुसरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “शाल बिल घेऊन सत्कार करून आलीया, आन् सासूला उभं केलंय बघा.” उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आले. अठरा वर्षांत तिने टीका ऐकली होती, शिव्याही ऐकल्या होत्या. पण चारचौघांत आपण असंस्कृत ठरावे, यासारखे तिला काही लागले नव्हते. तिला त्या क्षणी बाईंचा रागच आला. स्पष्ट सांगायचे तर, मी त्या गाडीत असतो तर मीही तिलाच बोललो असतो.

अर्ध्या तासाने एका फाट्यावर गाडी बरीच रिकामी झाली. पिशवीवाले गृहस्थही उतरले. उज्ज्वला खिडकीकडे सरकली आणि बाई तिच्या शेजारी बसल्या. काही वेळ त्यांनी नुसते गुडघे चोळले.

“बाई, हे काय केलंत? का छळलंत मला आणि स्वतःलाही?”

“किती वेळा उठायला निघालीस?”

“मोजलं नाही.”

“मी मोजलं. सात वेळा.” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुला वाटतं, आपलं अडतं मागण्यापाशी. मागायला तू शिकलीस, अर्ज भरलास, ते उत्तमच केलंस. पण उज्ज्वला, मागून झाल्यावर बसून राहावं लागतं, आणि ते आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. इथं तुझ्याशी कोण वाईट वागलं? कोणीच नाही. सगळी भली माणसं. कंडक्टर तर तुला दुसरी जागा करून देत होता. दादासाहेबांनी तरी दुसरं काय केलं? भली माणसं फार आदरानं सांगतात, ‘ताई, तुमची जागा तिकडं आहे’. आपल्याला संकोच वाटतो, आणि आपण उठतो. कोणी हात धरून उठवावंही लागत नाही. महिलांसाठी सीट राखून ठेवली, ती भांडून मिळवलेली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण ती मिळाली म्हणून उरलेली गाडी दुसऱ्या कोणाच्या नावावर झाली, असं कुठं लिहिलंय? खुला म्हणजे पुरुषांचा, हा कायदा कोणी केला? तो आपणच पाळतो, म्हणून तो चालतो.”

उज्ज्वला म्हणाली, “पण पक्षानं विचार करूनच ठरवलं असेल ना...”

“पत्रावरची तारीख बघ.”

तिने घडी उघडली. तारीख कालची होती. मुलाखत आज होती.

कोणी फसवले की माणूस चिडतो. पण तिला राग फसवल्याचा आला नाही. तिला आठवले, ते अठरा वर्षांचे काम. पावसाळ्यात चिखल तुडवत गाठलेल्या वस्त्या, मूल तापाने फणफणत असताना केलेल्या सभा, पहाटे उठून दुरुस्त केलेल्या मतदार याद्या. यातले एक अक्षरही तिने त्या खोलीत उच्चारले नव्हते. कोणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. सहा मिनिटे ती फक्त आभार मानत होती. राग आला तो त्याचा.

तिने दोरी ओढली. घंटी वाजली.

“मॅडम, तुमचं तिकीट पुढचं हाय,” कंडक्टर म्हणाला.

“माहीत आहे. इथंच उतरते.” मग बाईंकडे वळून म्हणाली, “बाई, चला.”

“मी नाही यायची. मी आले की ती माणसं माझ्या पाया पडतील, मला चहा पाजतील आणि तुझ्याबद्दलचं उत्तर मला देतील. त्यांनी तुझ्याशी बोलायला हवं. जा.”

“मी काय बोलू तिथं?”

“ते मी शिकवायचं? मतदारसंघ तुला पाठ आहे, मला नाही.”

परतीची गाडी मिळायलाच अर्धा तास लागला. ती पक्षाच्या कार्यालयात पोचली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. निरीक्षकांची जेवणे होऊन मुलाखती पुन्हा सुरू झाल्या होत्या. दारातल्या कार्यकर्त्याने, “ताई, अभिनंदन! काही विसरलं का?” असे विचारले. “हो,” म्हणून ती आत गेली. एक इच्छुक बाहेर पडत होता. तिने शाल, नारळ आणि पत्र टेबलावर ठेवले आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसली.

“काय झालं, ताई?” दादासाहेबांनी विचारले.

“माझी मुलाखत राहिलीय.”

“अहो, सकाळीच झाली की!”

“सकाळी नेमणूक झाली, दादासाहेब. मुलाखत राहिलीय.”

दुसरे निरीक्षक घड्याळाकडे पाहू लागले. तिसऱ्यांनी, “ताई, बाहेर लोक खोळंबलेत, आपण नंतर निवांत बोलू,” असे अत्यंत सौजन्याने सांगितले. दादासाहेबांनी पुन्हा एकदा मतदारसंघ खुला असल्याची आठवण करून दिली.

“खुला आहे म्हणूनच आलेय,” ती म्हणाली. “माझ्या आधी आत आलेले खुल्या जागेवरच मागत होते ना? त्यांना जे विचारलंत तेच मला विचारा. उत्तरं आली नाहीत तर नाव लिहू नका, मी आपल्या पायानं जाईन. पण विचारल्याशिवाय नाही.”

खोलीत शांतता पसरली. दारातला कार्यकर्ता आत डोकावला आणि मागे सरला. आपण अतिरेक करतो आहोत, उद्धट ठरतो आहोत, जिल्ह्यात उद्या काय बोलतील, असे सगळे तिच्या मनात येऊन गेले. एकदा नव्हे, अनेकदा. पण ती उठली नाही. तिने ओशाळे हसून ती शांतता भरून काढली नाही, कोणाला त्या अवघडलेपणातून सोडवले नाही. पुरुषांना अवघडलेले पाहिले की त्यांना सोडवायला धावायचे, हेही आपल्या बायकांना कोणी न शिकवता येते. त्या दिवशी तिने ते केले नाही.

शेवटी दादासाहेबांनी शाल बाजूला सारली. खालून कोरा कागद ओढला, पेनाचे टोपण काढले आणि वर न पाहता विचारले, “मतदारसंघात मतदान केंद्रं किती?”

“तीनशे अठरा,” उज्ज्वला म्हणाली. “त्यातली एकेचाळीस आपण गेल्या वेळी हरलो. का हरलो, ते पहिल्यापासून सांगते. लिहून घ्या.”

दादासाहेब लिहू लागले.