चार चाकांची फटफटी

चाकांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. पाणी डोंगरावर वाहून न्यायला जनावरं बाजारात एक स्वस्तातली परदेशी, चार चाकांची फटफटी पाहत होती. म्हातारा बैल, जनावर विकत घेताना पाहतात त्या रिवाजाप्रमाणे, तिचे दात नि अंगावरचे भोवरे शोधू लागला.

"दात नाहीत, कूळ ठाऊक नाही. नको ही," तो म्हणाला.

गाढविणीची तरणी लेक तांबू चिडली. "आजोबा, माझ्या आईची पाठ सोलली आहे घागरींनी. दात कसले मोजताय?" मग तिने फटफटीलाच विचारलं, "पायवाटेने डोंगर चढशील?"

"चढेन, ताई. पण ओझं बेताचं द्या."

"मग दोन खेपा कर," तांबू म्हणाली, आणि जनावरांनी ती विकत घेतली.

संध्याकाळी फटफटी घागरी घेऊन डोंगर चढली. मागून तांबूची आई रिकाम्या पाठीने येत होती, सवयीने अजून वाकूनच.