पायांचा वार

फार पूर्वी एका डोंगरात भुऱ्या आणि ठेंगू हे अस्वलभाऊ एकदमच व्यायामाला लागले. जंगलातल्या जुन्या पैलवानाचं बघून भुऱ्यानं प्रत्येक अवयवाला वेगळा वार नेमला. पायांच्या वारी पाऊस आला, की पाय पुढच्या आठवड्यावर जात. ठेंगू मात्र दिवसाआड सगळंच अंग थोडं थोडं राबवी. "अशानं कुठं पैलवान होतात!" भुऱ्या हसे.

एके दिवशी दरड कोसळली आणि गुहेच्या तोंडाशी धोंडा अडकला. आई आत होती. भुऱ्यानं दंड लावले, पण पाय लटपटले. "अरे, पायांचा वार उद्या आहे माझा!" तो रडकुंडीला आला.

"सरक बाजूला!" ठेंगूनं पाय रोवले, खांदा भिडवला आणि सगळ्या अंगानिशी रेटा दिला. धोंडा गडगडत दरीत गेला. आई बाहेर आली आणि ठेंगूची डरकाळी साऱ्या डोंगरानं ऐकली.

सकाळी भुऱ्यानं हळूच विचारलं, "ठेंगू, आज कसला वार रे?"

"आज आराम. उद्या सगळ्या अंगाचा. येतोस?"