कासवाचं गणित आणि तीन छड्या

शके सतराशे चाळीस. माघ महिना, हुरड्याचे दिवस. गोधडी ओढून घ्या आणि पाय हलवू नका.

तेव्हा एक होतं गाव. गावाला एकच तळं, आणि तळ्यात एक म्हातारं कासव. दर माघात ते वर यायचं आणि एक गणित घालायचं. उत्तर बरोबर आलं तर तळं वर्षभर भरलेलं. चुकलं तर कासव पाणी पोटात ओढून घ्यायचं.

गावात एक पंतोजी होते. ते ओट्यावर मुलांना शिकवत. खाली धनगराची भिवरी कोकरं राखत ऐकायची. एकदा पंतोजी म्हणाले, "झाडावर सात आंबे, दोन पडले."

भिवरीनं विचारलं, "पडलेले कुणी वेचले का?"

"गोष्ट ऐकायची नाही, पोरी. आकडे धरायचे." असं म्हणून पंतोजींनी तिला तीन छड्या दिल्या. विचारलं म्हणून मारलं, बरं का. मला अजून राग येतो.

मग माघ आला. सगळं गाव तळ्यावर जमलं. कासव वर आलं आणि म्हणालं, "कळपात वीस मेंढ्या. आठ ओढ्यावर थांबल्या. त्यातल्या तीन परत कळपात आल्या. ओढ्यावर किती राहिल्या?"

पाटलाचा रंगनाथ पुढे झाला. त्यानं सगळे आकडे धरले आणि बेरीज केली. "एकतीस."

म्हणजे वीस मेंढ्यांच्या एकतीस झाल्या. पाणी सात पायऱ्या खाली गेलं.

मग सोनाराचा विठू. 'राहिल्या' म्हटलं की वजा करायचं, हे त्याला पाठ होतं. त्यानं विसातून आठ काढले, तीन काढले. "नऊ."

आठच थांबल्या होत्या, नऊ कुठून राहतील? पाणी आणखी सात पायऱ्या खाली गेलं.

मग पंतोजी स्वतः. शाल सावरली. "पंधरा."

पंधरा कळपात, बाबांनो. विचारलं होतं ओढ्यावरचं. शहाण्या माणसानं प्रश्न तरी ऐकावा. पाणी तळाला गेलं. नुसता चिखल राहिला. भिवरीची कोकरं चिखल चाटायला लागली. नुकतं दूध सुटलेली कोकरं, तहानेनं दुपारपर्यंतही टिकली नसती.

मग भिवरी चिखलात उतरली.

पंतोजी म्हणाले, "हिला काय येतंय? हिला उजळणी तरी येते का?"

"तुम्हाला येते ना," भिवरी म्हणाली, "मग पाणी कुठं आहे?"

तिनं ओच्यातून लेंड्या काढल्या. हसू नका. धनगराच्या पोरीकडे लेंड्याच असणार. चिखलात बोटानं एक रेघ ओढली. "हा ओढा." आठ लेंड्या रेघेवर मांडल्या. मग तीन उचलून बाजूला ठेवल्या. "या कळपात परत गेल्या." उरलेल्या मोजल्या.

"पाच."

"आणि वीस?" कासवानं विचारलं.

"वीस तुम्ही सांगितल्या. विचारल्या कुठं?"

मग पाणी आलं. पायरीमागून पायरी चढलं. कोकरं प्यायली. पण सगळ्यात वरची पायरी कोरडीच राहिली.

कासव म्हणालं, "पंतोजी, या पोरीच्या तीन छड्यांचं देणं तुमच्याकडे आहे. एका छडीला एक प्रश्न. तिनं विचारायचे, तुम्ही उत्तर द्यायचं. मग पाणी चढेल."

पंतोजी पायरीवर बसले. छडी बाजूला ठेवली.

भिवरीनं विचारलं, "एका मेंढीला दोन कोकरं, तर तीन मेंढ्यांना किती?"

पंतोजींच्या तोंडात 'पाच' आलं होतं. पण ते थांबले. त्यांनी लेंड्या मागून घेतल्या. तीन ठिकाणी दोन दोन मांडल्या. "सहा."

पाणी बोटभर चढलं.

"झाडावर चार कावळे, माझ्याकडे दोन भाकरी. भाकरी किती?"

या वेळी पंतोजींनी लेंड्यांना हातही लावला नाही. "दोन."

पाणी आणखी बोटभर चढलं.

मग भिवरीनं तिसरा प्रश्न विचारला. "मी त्या दिवशी काय वाईट विचारलं होतं?"

पंतोजी म्हणाले, "काही नाही."

पाणी वरच्या पायरीला लागलं. देणं फिटलं.